कॅमेऱ्याले मासा दाखवणारी कुंताबाई

शेवटच्या दिवशी बी बाईनं कॅमेऱ्याले मासा दाखवला. सकाळचे सात वाजले असन. बाई तलावातून निघाली, जाळं खांद्यावर, लुगडं घुटन्यावर खोचलेलं, अन् हातात हे एवढी मरळ, शेपूट हालवून राह्यली अजून. कॅमेऱ्याच्या खांबाखाली उभी राह्यली, मरळ वर धरली, एक हात कमरेवर, अन् मारली एक गिरकी. मी मागं टोपलं घेऊन होती. मी म्हटलं, "बाई, चला ना, चहा राह्यला."

"थांब वं, साहेबाले हजेरी देऊ दे," म्हणे. मंग कॅमेऱ्याले जीभ दाखवली अन् चालली.

घरी येऊन मरळ कापली. मले म्हणे, "तिखट जास्ती टाक, मी जराशी लेटतो." लेटली ते उठलीच नाई. डॉक्टर म्हणे हार्टचं होतं. छप्पन वर्षाची होती. मरळ चुलीवरच्या गंजात, रश्श्यात, तशीच राह्यली, कोणीच नाई खाल्ली.

कुंताबाई माही मोठी जाऊ. तिचा नवरा, माहे भासरे, लवकर गेले, लेकरू नाई, मंग बाई आमच्याच घरी, एका चुलीवर, एकवीस वर्ष. आमी ढिवर लोक. गावचा मामा तलाव, जुना मालगुजाराच्या वेळचा, आमच्या मासेमारी सोसायटीकडं हाये, मासे धरतो, बाजारात विकतो. माही पोरगी दिव्यानी म्हणते, मम्मी, तू जशी बोलते तशीच लिही, मोठ्या आईचं लोकाईले समजू दे. म्हणून लिहून राह्यली.

तं कॅमेऱ्याचं सांगतो. मांगच्या उन्हाळ्यात चोरट्यांनं तलावाच्या पाणी सोडाच्या गेटापाशी जाळं टाकून मासे नेले. सोसायटीनं पाळीवर, तलावाच्या बांधावर, खांब गाडला, वर सोलरचा कॅमेरा. सचिव अतुलभाऊच्या मोबाईलवर सारं सप्पा दिसे. पण बसवणारा होता चंद्रपूरचा, त्याले का माहीत गेट कुठी न घाट कुठी. त्यानं कॅमेऱ्याचं तोंड करून देल्लं बायांच्या घाटाकडं. आमी तिथी आंघोळ करतो, कपडे धुतो. आमाले वाटे तो गेटच पाहून राह्यला.

चवथ्या दिवशी अतुलभाऊनं सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. आमची बाई, पेटीकोट छातीवर बांधलेला, गोट्यावरून पाय सटकला अन् धप्पकन पाण्यात. सारी बुडली, एक हात तेवढा वर, अन् हातात साबण. गाव दोन दिवस हासलं. बाई बी हासली. दुकानापाशी थांबून लोकाईले इचारे, "पाह्यलं का? मी गेलो पण साबण नाई सोडली!"

पण तिसऱ्या दिवशी दिव्यानी घाटावर आलीच नाई. नववीतली पोरगी. म्हणे पोट दुखते. मंग दुर्गानं येणं बंद केलं. दुर्गा आमच्या बाजूच्या घरची सून. हप्त्याभरात घाट खाली. बाया हातपंपावरून गुंडा-घागरीनं पाणी नेऊन घरी दार लावून आंघोळ करे, अन् उन्हाळ्यात तो पंप दहा दांडे मारले तं एक तांब्या देते. बाई एकटीच घाटावर उभी राहून इकडं तिकडं पाहे. तिचं हासणं बंद झालं.

"माही कंबर दिसली तं दिसली," मले म्हणे. "पण पोट्टीनं काऊन घाट सोडावा? घाट का त्याच्या मोबाईलचा हाये?"

ओल्या कपड्याचं टोपलं घेऊन तशीच अतुलभाऊच्या दारात.

"अतुलभाऊ, तुमच्या न्हाणीवर एक कॅमेरा लावतो मी. पाहीन सप्पा गाव."

"वहिनी, मजाक होती ना. अन् मासे चोरी जाते म्हणून लावला तो."

"मासे गेटापाशी चोरी जाते. आमी का मासे हावो?"

"थोड्या थोड्या दिसता," अतुलभाऊच्या तोंडून निंगून गेलं. मंग का! बाईनं पिळलेलं धोतर घेतलं अन् अंगणात त्याच्या मांगं. तो विहिरीला दोन चक्कर मारून गोठ्यात घुसला. त्याची बायको दारात उभी राहून म्हणे, "हाना बाई, माह्याकडून बी एक हाना."

पण धोतर हानून कॅमेरा नाई फिरत. सोसायटीतले मानसं म्हणे, हे बायांचं नाटक हाये, पुढच्या सभेत पाहू. ते सभा दोन महिने आलीच नाई. मंग तालुक्याले कायद्याचं शिबिर लागलं, फुकट सल्ला. बाई मले घेऊन गेली. वकीलबाई चांगली होती. बाईनं साबणासकट सारं सांगतलं. वकीलबाई तोंडावर फाईल धरून हासली, मंग सरळ झाली अन् म्हणे, "मावशी, आंघोळ करतानी बाईचा फोटो घेणं, तो लोकांना दाखवणं, हा गुन्हा हाये. कॅमेरा लावा, पण आपली वस्तू आहे तेवढंच त्याला दिसू द्या. कॅमेरा आहे म्हणून बोर्ड लावा. पाह्यणार कोण, ते लिहून ठेवा. अन् लागते तेवढेच दिवस ठेवा, मंग पुसून टाका."

एसटीत बाई सारा रस्ता बोटावर मोजत आली. तोंड, बोर्ड, कोण, किती दिवस. एक बोट इसरली की मले चिमटा काढे, "सांग ना वं, तिसरं का होतं?"

पण सभेपर्यंत दम कोणाले होता. दुसऱ्या दिवशी दुपारी नावेचा बांबू घेतला अन् खालूनच कॅमेऱ्याच्या गालात हानला. तोंड फिरलं. कुठी फिरलं ते तिनं नाई पाह्यलं, मी बी नाई. घाटाकडून फिरलं एवढं बस झालं.

ते फिरलं करंजीच्या झुडपाकडं.

आता गावात घरोघरी संडास हाये. पण मानसाईले सकाळी करंजीमागंच बरं वाटते. हवा खातो म्हणते. दुसऱ्या दिवशी अतुलभाऊनं मोबाईल उघडला तं सात पाठी, एका लाईनीत, गप्पा मारत बसलेल्या! त्यानं कोणाले दाखवलं नाई म्हणते, पण नावं संध्याकाळपर्यंत सप्पा गावाले पाठ. आमचे इस्तारीभाऊ, सोसायटीचे जुने मेंबर, बायांचं नाटक म्हणणाऱ्यात पहिले, ते खांद्यावरच्या लाल दुपट्ट्यावरून वळखू आले.

दोन महिने न होणारी सभा दोन दिवसात झाली. एवढी गर्दी मी कधी नाई पाह्यली. इस्तारीभाऊ उठले, "हे बरोबर नाई. मानसाले काही इज्जत हाये का नाई?"

बाई मांगून म्हणे, "हाये ना भाऊ. बायांची मातर दोन महिने सुट्टीवर होती."

मानसंच पयले हासले. मंग बाईनं चारी बोटं सांगतले. कॅमेऱ्याले गेट अन् तिथी बांधलेली नाव दिसन, दुसरं काही नाई. दोन्ही वाटेवर बोर्ड. व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाई, ज्याले पाहाचा त्यानं कारण लिहून अर्ज द्यायचा, अन् पाहातानी दोन बाया हजर. कोणाले पाठवायचा असन तं त्यात जो जो दिसते त्याले इचारून. अन् पंधराव्या दिवशी पुसायचा.

अतुलभाऊ म्हणे, "वहिनी, महिनाभर तं ठेवू."

"मासा गेला का नाई ते पंधरा दिवसात समजते. जास्ती ठेवून का लोणचं घालता?"

सप्पाईनं हात वर केला. इस्तारीभाऊनं दोन्ही. बोर्ड बाईनं पेंटरच्या डोस्क्यावर उभं राहून लिहून घेतला: इथी कॅमेरा हाये. गेट दिसते. घाट दिसत नाई. काही इचारायचं असन तं अतुलभाऊले इचारा. त्या रविवारी दिव्यानी घाटावर आली, अन् बाईनं तिच्या डोस्क्यावर तीन तांबे पाणी ओतलं.

सभेतच अतुलभाऊ एक बोलले होते, आता कोणी मासा नेला तं पुरावा हाये. बाईनं ते मनावर घेतलं. तवापासून रोज सकाळी खांबाखाली उभी राहून हातातला मासा दाखवे अन् बोले. "साहेब, ही कतला. माही हाये, चोरीची नाई. काल तुमच्या डोळ्यावर कावळा हागला होता, पुसून घ्या." सात महिने, रोज.

बाईची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पीठ मळत होती. दिव्यानी धावत आली. "मम्मी, मोठ्या आईचा त्या दिवशीचा व्हिडिओ उद्या पुसते!"

माह्याकडं बाईचा एकच फोटो, आधार कार्डवरचा, त्यात ते पोलिसानं धरल्यासारखी दिसते. मी पिठाच्या हातानं अतुलभाऊच्या घरी. अतुलभाऊचे डोळे भरले. म्हणे, "वच्छलावहिनी, अर्ज लागन."

"तिच्यासाठी अर्ज?"

"तिनंच केला ना नियम. मी मोडला तं ते वरून धोतर घेऊन येईन."

दिव्यानीनं कागद देल्ला, मी लिहिलं. कारण काय लिहाचं समजे ना. शेवटी लिहिलं, पाहाचं हाये म्हणून. दोन बाया, दुर्गा अन् आमच्या घाटावरची बायनाबाई. मोबाईल गोठ्याच्या भिंतीले टेकवला. बाई आली. मरळ वर. गिरकी. मी म्हटलं, "आवाज वाढवा ना भाऊ."

"याच्यात आवाज येतच नाई वहिनी. मुका कॅमेरा हाये."

सात महिने! आमी एकमेकीकडं पाह्यलं. मंग बायनाबाईनंच बाईच्या आवाजात सुरू केलं, "साहेब, चहा पेला का?" दुर्गा म्हणे, "अतुलभाऊले उठवा, सूर्य डोक्यावर आला." बाईचे ओठ हाले अन् ह्या दोघी तिचं बोले. हासता हासता कवा रडाले लागलो समजलं नाई.

अतुलभाऊ म्हणे, "देतो तुमच्या मोबाईलवर."

दिव्यानी म्हणे, "थांबा काका. कोपऱ्यात पाहा." कोपऱ्यात गेटापाशी इस्तारीभाऊ. लाल दुपट्टा, तोंडात दातून, बाईकडं पाहून हासून राह्यले.

मंग त्याइले इचाराले दुसरा अर्ज घेऊन आमी पाची जणं उन्हाळी धानाच्या बांधीत, त्याइच्या शेतात. इस्तारीभाऊ चिखलात होते. अतुलभाऊनं त्याइले मोबाईल दाखवला. त्याईनं हात दुपट्ट्याले पुसले, एकदा पाह्यलं, मंग अजून एकदा लावाले सांगतलं.

"पेन द्या," म्हणे. कागदावर सही केली, चिखलाचा अंगठा बी लागला. "पहिल्यांदा माही पाठच दिसली होती. आता बाईच्या संगं तोंड दिसून राह्यलं. मले बी पाठवजा बापा."