बोलता येईल एवढंच पळ

युनिटमध्ये धाराशिवचे आम्ही दोघंच. मी सास्तूरचा, लान्स नाईक मारुती तामलवाडीचा. ०६०० वाजता पीटी. मी पहिल्या मिनिटापासून जीव तोडून पळायचो आणि सगळ्यांत शेवटी पोहोचायचो. मारुती शेजारी येऊन विचारायचा, "घरी काय पेरलंय?" उत्तर देता आलं नाही की म्हणायचा, "मग लई जोरात चाललास. हळू हो." त्याचा नियम: आठवड्यात दोन दिवस जोरात पळायचं, बाकीचे दिवस गप्पांचा वेग.

त्या हिवाळ्यात आम्ही वरच्या पोस्टवर होतो. ०७१० ला बर्फाचा कडा कोसळला. मारुतीसह पाच जणांची गस्त अडकली. आमची रेस्क्यू पार्टी निघाली, मी सर्वांत पुढे. रेडिओ सेटवर मारुतीला माझी धाप ऐकू गेली.

"घरी काय पेरलंय? ओव्हर."

मला बोलता येईना.

"हळू हो. तू पडलास तर आमाला कोण काढणार? ओव्हर."

मी वेग कमी केला. "हरभरा. ओव्हर."

०७५५ ला पोहोचलो. चौघं जिवंत निघाले. मारुतीची छाती दबली होती. ०८४० ला तो गेला. माझ्या पायाची दोन बोटं बर्फानं खाल्ली आणि मी घरी आलो.

शेजारची रेखा दहावीत आहे. जिल्ह्याच्या तीन हजार मीटरसाठी ती रोज लोहाऱ्याला प्रवासी नेणाऱ्या वडाप जीपमागे डांबरावर पळायची. महिन्यावर स्पर्धा आली आणि नडगी सुजली. तिनं ते लपवलं, पण तिचं लंगडणं माझ्या नजरेत आलं. दुखणं लपवण्याला जिद्द म्हणणारे मला मान्य नाहीत. तो मुलांवर अन्याय आहे. मी तिला हळू पळायला सांगितलं.

"मामा, हळू पळून कोण जिंकतंय? म्हशी?"

"जीप तर रोजच जिंकते. तिला नडगी न्हाय."

ती हसली. आठवडाभर विश्रांती. मग शेताच्या मऊ वाटेवर पळणं. मी सायकलवरून विचारायचो, "घरी काय पेरलंय?" उत्तर आलं की पुढं, नाही आलं की हळू.

स्पर्धेत शेवटच्या फेरीला मी कडेवरून तेच विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. तेव्हा द्यायचंही नसतं. ती दुसरी आली. वाकून श्वास घेतला, मग म्हणाली, "हरभरा, मामा."

संध्याकाळी मी तामलवाडीला मारुतीच्या आईला फोन करून रेखाचा निकाल सांगितला.

"पोरगी लई जोरात न्हाय ना पळाली?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या फेरीलाच, आई."

"मग बराबर. माझा मारुती तसाच पळायचा."