मजकूर आला, खिळे राहिले

कॉम्प्युटर बदलायचा म्हणजे या डब्यातलं त्या डब्यात टाकायचं, असं मला वाटलं होतं. ज्यांनी तो डबा काढला त्यांना माझा एकच सवाल आहे. इतकं सोपं काम इतकं अवघड करून ठेवायला यांना पगार मिळतो काय?

मी चौथीपर्यंत शिकलो. पण छपाईचे शिशाचे खिळे, म्हणजे एकेक उलटं अक्षर, जुळवण्यात तीस वर्षं घालवली, त्यामुळे उलटं अक्षर मी सुलट्यापेक्षा लवकर वाचतो. शाळेतले मास्तर पत्रिका छापायला यायचे आणि त्यांच्या चुका मी काढायचो. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये माझं छपाईचं दुकान. नव्वदनंतर सगळे कॉम्प्युटरवर गेले, तसा मीही गेलो. पायाने चालवायचं मशीन विकलं, खिळे भंगारात दिले. त्या दिवशी घरी जेवलो नाही.

कॉम्प्युटर चालवायची माझी सून. मी मागे खुर्ची टाकून बसायचो आणि "ती वेलांटी जरा वर घे, नवरीचं नाव मोठं कर" असं सांगायचो. ती मला मामा म्हणते. "मामा, मागनं बोलू नका, चुकतंय माझं," एवढंच ती म्हणायची. बघून बघून माऊस मीही शिकलो.

ती बाळंतपणाला बदलापूरला माहेरी निघाली तेव्हा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. जायच्या आधी तिने सगळं काम फ्लॉप्यांवर भरलं, फ्लॉप्या प्लॅस्टिकच्या डब्यात घातल्या आणि बजावलं, "मामा, नवीन आणा. पण त्यावर सगळं उघडतंय हे बघितल्याशिवाय जुना देऊ नका. अडलं तर फोन करा."

मी म्हटलं, "तू बाळाचं बघ. या छापखान्यातला मजकूर त्या छापखान्यात मी तुझ्या जन्माआधीपासून नेतोय."

खोटं नव्हतं ते. मोठं काम असलं की जुळवलेला मजकूर सुतळीने करकचून बांधायचा, पत्र्याच्या ताटात ठेवायचा आणि रिक्षाने अंबरनाथच्या मोठ्या मशीनवर न्यायचा. खड्डा आला की ताट मांडीवर उचलून धरायचो. एक अक्षर कधी सांडलं नाही.

व्यापारी नवीन कॉम्प्युटर घेऊन आला आणि त्याच फेरीत जुना घेऊन गेला. मीच म्हटलं, ने बाबा, जागा अडतेय. मग फ्लॉप्या काढल्या. आठांवर सुनेने मराठीत लिहिलं होतं, लग्न, मुंज, दुकानाच्या पावत्या असं. एकेक फ्लॉपी घालायची, ती आत सुपारी कातरल्यासारखी कुरकुरणार, तोवर हाताची घडी घालून बसायचं. एक अडकली, ती चिमट्याने ओढून काढली. दुसरीने इंग्रजीत काहीतरी सुनावलं, तिला मी मराठीत सुनावलं. आठ फ्लॉप्यांना अख्खा दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं. अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत कामाला, मुलीचं लग्न. पत्रिका सुनेने जाण्याआधीच करून ठेवलेली, त्याने वाचून पसंतही केलेली. त्यावरून कागद काढून छपाईला द्यायचा, एवढंच बाकी. रात्रीच्या गाडीने तो पत्रिका वाटायला गावी निघणार होता.

"काका, नवीन मशीन आणलंत. आता तासाभरात होईल ना?"

"अर्ध्या तासात," मी म्हटलं आणि फाईल उघडली.

मराठीचं एक अक्षर नव्हतं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कुणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाला खाली शेपूट. गणपतीच्या जागी तीन उद्गारचिन्हं. दुसरी फाईल उघडली, तेच. मुंज तेच, पावत्या तेच.

गिऱ्हाईक वाकून बघत म्हणालं, "काका, जावई आमच्यातलाच आहे. फॉरेनचा नाही."

मी त्याला चहा प्यायला पाठवलं. माझ्या दुकानात फोन नव्हता. शेजारी सिंधी शेठचं कापडाचं दुकान, तिथे होता. आधी व्यापाऱ्याला लावला. जुना कॉम्प्युटर त्याने पुसून, खोलून, भाग सुटे करून ठेवला होता. मग नाक मुठीत धरून बदलापूरला लावला. सुनेच्या शेजाऱ्यांकडे फोन. ती येईपर्यंत शेठ कापड मोजत हसत होता.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मामा, फाईलमध्ये अक्षरं नसतात. कुठल्या जागी कुठलं अक्षर, एवढंच असतं. अक्षरांची फाईल वेगळी. ती जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती."

मी म्हटलं, "म्हणजे मजकूर आला, खिळे राहिले?"

"अगदी तसंच. पण मी ते नवव्या फ्लॉपीवर घेतले होते. वर इंग्रजीत लिहिलंय. डब्यात बघा."

डब्यात बघायची गरज नव्हती. ती कुठे आहे ते मला ठाऊक होतं. वर इंग्रजी, म्हणजे सुनेचं काहीतरी टायपिंगचं असणार, असं मी धरलं होतं. कॉम्प्युटरबरोबर आलेलं नवीन टेबल एका पायाला डुगडुगत होतं. छापखान्यातल्या माणसाचा हात अशा वेळी थांबत नाही. छपाईचा ठोकळा बसका असला की खाली पुठ्ठा सारून तो वर घ्यायचा, हे जन्मभर केलेलं. ती फ्लॉपी जाडीला नेमकी बसली होती.

"असेल, असेल डब्यात," मी फोनवर म्हटलं.

रिसीव्हर शेठकडे देऊन दुकानात आलो. कॉम्प्युटर, पडदा सगळं टेबलावर. खांद्याने टेबल उचललं, पायाने फ्लॉपी सरकवली, पुसली. पत्र्याची पट्टी जरा वाकली होती, ती नखाने सरळ केली. आत घातली. कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. एवढा वेळ मी देवासमोरही कधी हात जोडून उभा राहिलो नसेन.

पुढचं शेठच्या तोंडून झालं. रिसीव्हर त्याच्या कानाला, मी कॉम्प्युटरसमोर, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत.

"काका, बहू बोलती है, कंट्रोल पॅनेल खोलो!"

"मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणावं!"

"बोलती है, अ‍ॅ का चित्र देखो! इंग्रजी मोठा ए, तंबूसारखा!"

आकार मला कुणी शिकवायला नको. तंबू दिसला.

"आता काय?"

"बोलती है, चिल्लाओ मत, बच्चा डरता है!"

"बच्चा अजून झाला नाही!"

"तो बहू डरती है!"

असं चारदा पहिल्यापासून केलं. शेवटी फाईल उघडली आणि गणपती सोंडेसकट जागेवर होता. खाली नवरीचं नाव, वेलांटी मी सांगितली होती तेवढीच वर. गिऱ्हाईक तोवर तिसरा चहा पिऊन आलं होतं. संध्याकाळी ओल्या शाईचे गठ्ठे त्याने कडेवरच्या पोरासारखे धरून नेले. "अर्धा तास जरा मोठाच असतो तुमचा," जाता जाता म्हणाला.

सून नातीला घेऊन परत आली. पहिल्याच दिवशी तिने फ्लॉप्यांचा डबा उघडला. नववी उलटसुलट करून पाहिली. लेबलवर टेबलाच्या पायाचा गोल वण उमटला होता. मग तिने खाली वाकून टेबलाचा पाय पाहिला. तिथे आता घडी घातलेली रद्दी पत्रिका होती.

"मामा, डब्यातच होती ना?"

"हिची अजून एक करून ठेव," मी म्हटलं. "आणि वर मराठीत लिही. मराठी दुकानात इंग्रजी कशाला?"

तिने नवीन फ्लॉपी भरली आणि लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, खिळे.

चिकटवलं मात्र वाकडं.