आमचे बूट आणि सुनंदाकाकूचं कॅथेड्रल

इंग्लंडमधल्या एका नऊशे वर्षं जुन्या कॅथेड्रलवर मी जळते, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लोक माणसांवर जळतात, फार तर कुणाच्या गाडी-बंगल्यावर जळतात. दगडी इमारतीवर जळणारी मुलगी म्हणजे जरा जास्तच झालं.

खरं तर दोष इमारतीचा नाही, तिच्यासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्या मृण्मयीचा आहे. मृण्मयी माझी चुलत बहीण. मी तिच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी, बाकी सगळ्या बाबतींत मागे. सांगलीच्या घरी पाहुणे आले की ती खोलीच्या मधोमध उभी राहून इंग्रजी कविता म्हणायची आणि मी (तीच कविता मला जास्त चांगली पाठ असूनही) दाराच्या पडद्यात स्वतःला गुंडाळून घ्यायची. पुढे ती इंग्लंडला गेली, मी मिशिगनला आले. आता आमच्यामध्ये अख्खा महासागर आहे. तरी फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो आला की माझा हात अजूनही पडदा शोधतो.

गेल्या वर्षी दिवाळी संपता संपता काका-काकू मृण्मयीकडे गेले आणि आई-बाबा माझ्याकडे, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी आले. सामना सुरू झाला, असं कुणी जाहीर केलं नाही. तसं कधीच कुणी जाहीर करत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी आई-बाबांना घाऊक मालाच्या एका अवाढव्य दुकानात नेलं. टॉयलेट पेपरच्या डोंगरासमोर उभं राहून आईने फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर टाकला. काकूने अंगठा वर केला. नुसता अंगठा. आणि त्याच संध्याकाळी तिच्याकडून कॅथेड्रल आलं! आकाशाला टेकलेल्या कमानी, रंगीत काचांमधून झिरपणारा उजेड, थडग्यावर आडवा झालेला दगडी सरदार, त्याच्या पायाशी दगडी कुत्रा आणि कुत्र्याच्या शेजारी पैठणी नेसलेली सुनंदाकाकू. (त्या थंडीत पैठणी! ब्लाउजच्या आत थर्मल आहे, हे आईने फोटो मोठा करून मनगटापाशी शोधून काढलं.) खाली मृण्मयीने लिहिलं होतं, "नऊशे वर्षांचा इतिहास आणि माझे आई-बाबा."

रात्रीची भांडी आवरताना आईने हळूच विचारलं, "आपल्याकडे नाही का गं असलं काही?"

आपल्याकडे म्हणजे मिशिगनमध्ये. ज्या बाईला अजून माझ्या घरचा नळ धड उघडता येत नव्हता, तिने सुनंदाकाकूसाठी अख्खं राज्य आपलं मानलं होतं.

मी कामाला लागले. अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर एक चर्च सापडलं. जुन्या इंग्लिश कॅथेड्रलच्या धर्तीवर बांधलेलं, मनोरा, कमानी, रंगीत काचा, सगळं तसंच. बाबा सांगलीत नगरपालिकेत इंजिनिअर होते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न होता, किती जुनं? मी म्हटलं, शंभरएक वर्षं.

"म्हणजे आपल्या आयर्विन पुलाच्या वयाचं," बाबा म्हणाले. "तो पूल बघायला कुणी पैठणी नेसल्याचं मला आठवत नाही."

पैठणी सांगलीतच राहिली होती, त्यामुळे आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सिल्कचा कुर्ता, त्यावर जाड कोट आणि मी घेऊन दिलेले तपकिरी लेसचे बूट, असा तिचा थाट ठरला. मीही माझे सर्वांत चांगले बूट बाहेर काढले. काळे, आतून लोकरीचे, बाजूला चेन असलेले. पगारवाढ झाली तेव्हा मी ते स्वतःला बक्षीस दिले होते आणि मिशिगनच्या घाण बर्फात खराब होतील म्हणून फारसे वापरतही नव्हते.

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो. दाराशी येताच बाबांनी विचारलं, "बूट काढायचे का?"

अधिकारवाणीने बोलायची संधी मला आयुष्यात फार कमी मिळते. पण मी नन्सच्या शाळेत शिकले आहे. आमच्या शाळेच्या चॅपलबाहेर आम्ही बूट ओळीने काढून ठेवायचो आणि ओळ वाकडी झाली तर सिस्टर ओरडायच्या. चर्चबद्दल मला काय कळत नाही?

"अर्थात काढायचे," मी म्हणाले.

आणि पुरावा समोरच होता! दाराशेजारच्या ओसरीत निळ्या ताडपत्रीवर बुटांच्या सुरेख ओळी लागल्या होत्या. बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे. एवढी माणसं आत आहेत आणि बाहेर बोलण्याचा एक आवाज नाही, याचं आईला फार कौतुक वाटलं. ताडपत्रीच्या कडेला एक पाटीही होती. ती मी वाचली नाही. ज्याला सगळं माहीत असतं तो पाट्या वाचत नाही.

बूट काढण्याचीही आमच्या घरात एक पद्धत आहे. एकदा देवळाबाहेरून बाबांच्या नव्या कोऱ्या चपला गेल्या. तेव्हापासून ते एक पायताण एका टोकाला आणि दुसरं पार दुसऱ्या टोकाला ठेवतात. चोर जोडी शोधत बसत नाही, हा त्यांचा सिद्धांत. आईचा सिद्धांत नेमका उलटा. तिने आपल्या बुटांच्या लेस एकमेकींना बांधून वर घट्ट गाठ मारली, म्हणजे जोडी फुटायला नको. माझे बूट मी पुढच्या ओळीत, सिस्टर खूश होतील असे सरळ उभे करून ठेवले.

तिथे एप्रन घातलेल्या एक आजी उभ्या होत्या. छातीवर नाव होतं, कॅरल. आधी त्यांनी आमच्या मोज्यांकडे पाहिलं, मग आमच्या तोंडाकडे. "आर यू शुअर, डिअर?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं की आमच्यात ही पद्धतच आहे.

कॅरलबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि देव तुमचं भलं करो, असं म्हणाल्या. त्या बाजूला गेल्यावर आई मला म्हणाली, "बघ, आपल्या संस्कृतीचा किती आदर करतात ही माणसं!"

आत दहा-बाराच लोक होते, आणि सगळ्यांच्या पायात बूट होते. ही विसंगती माझ्या लक्षात आली. (माझं निरीक्षण चांगलं आहे, असं ऑफिसात सगळे म्हणतात.) पण ते इथलेच असतील, त्यांना सूट असेल, असा विचार करून मी पुढे सरकले. फरशी इतकी गार होती की आम्ही तिघं वाळवंटातल्या सरड्यांसारखे आळीपाळीने एकेक पाय उचलत चाललो होतो. बाबांनी एका खांबावर टकटक करून आत काँक्रीट असावं असं मत दिलं. सरदार नव्हता. कुत्राही नव्हता. आईचा चेहरा उतरायला लागला.

आणि तेवढ्यात मला तो दगड दिसला! भिंतीत बसवलेला, ओबडधोबड, वहीच्या पानाएवढा. शेजारच्या पट्टीवर लिहिलं होतं की हा तुकडा इंग्लंडमधल्या एका प्राचीन कॅथेड्रलमधून आणलेला आहे. मी आईला वाचून दाखवलं. तिने दगडावर तळवा ठेवला, मान ताठ केली आणि म्हणाली, "काढ फोटो."

तो ग्रुपवर टाकण्याआधी जरा विचार करू, असं मी म्हणेपर्यंत तिने टाकलाही. खाली लिहिलं, "सुनंदा, तुम्हाला तिकडे जावं लागलं. आमच्याकडे कॅथेड्रल स्वतः आलंय."

आम्ही बाहेर आलो तेव्हा ओसरी रिकामी होती.

ताडपत्री नाही, ओळी नाहीत, आईचे बूट नाहीत, माझे नाहीत. एका टोकाला बाबांचा डावा बूट होता आणि पार दुसऱ्या टोकाला उजवा. पाटी तेवढी उभी होती. ती मी आता वाचली. बेघर लोकांसाठी हिवाळ्याचे बूट दान करा, असं तिच्यावर लिहिलं होतं.

"बघितलंस?" बाबा शांतपणे बूट चढवत म्हणाले. "एकेकटा बूट कुणीच नेत नाही."

मी कॅरलबाईंना शोधून काढलं आणि त्यांच्यासमोर माझं सगळं इंग्रजी पडद्याआड गेलं. तरी हातवारे करून, मोजे दाखवून, मी कसाबसा प्रकार सांगितला. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, व्हॅन मागेच उभी आहे, खोकी अजून बंद झालेली नाहीत, चला, आत्ता शोधून देते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. सुनंदाकाकूचा व्हिडिओ कॉल, आणि काकूच्या खांद्यामागे मृण्मयी.

"वहिनी, हा दगड कुठला मध्येच?" काकूने सुरुवात केली. आई फोन सरळ धरायला गेली आणि कॅमेरा खाली वळला. काकूचा आवाज बदलला. "अहो, तुमच्या पायात काही नाही? एवढ्या थंडीत?"

आईने फोन झटकन वर उचलला. माझ्या आईला मी इतकी वर्षं ओळखते, पण तिचा तो चेहरा मला नवा होता.

"बूट दान केले," आई म्हणाली. "पायातलेच काढून दिले. इथे गरिबांना देतात ना, म्हटलं आपणही देऊ."

काकू बारीक आवाजात म्हणाली, "आमच्याकडे तर बूट घालूनच आत सोडलं हो. देवाच्या दारात बूट घालून... मला तेव्हाच कसंतरी झालं होतं."

आणि मृण्मयी पुढे झुकली. "सानिका, तूपण दिलेस? यार, मला हे कधी सुचलंच नसतं."

मला हे कधी सुचलंच नसतं. मृण्मयी, मला म्हणाली!

नेमक्या त्याच वेळी कॅरलबाई माझ्या कोपराला हात लावून विचारत होत्या, डिअर, बूट काळे होते ना, चेनवाले? फोनमधून दोघी माझ्याकडे पाहत होत्या. आई पाहत होती. तिकडे व्हॅनमध्ये, कुठल्या तरी खोक्यात, माझी पगारवाढ होती.

"नो, नो," मी म्हणाले. "प्लीज कीप देम."

पार्किंग लॉटमध्ये हिमाचा भुगा पडायला लागला होता. बाबा बूट वाजवत पुढे चालले होते आणि आम्ही दोघी मागे चवड्यांवर. मोजे भिजले, बोटं बधिर झाली. गाडीत हीटर लावल्यावर आईचे दात वाजायचे थांबले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सुनंदाचं तोंड पाहिलंस?"

मी पाहिलं होतं. खरं सांगायचं तर इतका ऊबदार शनिवार मला मिशिगनमध्ये कधी लाभलेला नाही.

तो आनंद पुढच्या शनिवारपर्यंत टिकला. त्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. तेच नऊशे वर्षांचं कॅथेड्रल, आणि त्याच्यासमोर मृण्मयीने अख्ख्या ऑफिसकडून गोळा केलेल्या बुटांचा ढीग. सरदार आणि त्याचा कुत्रा दोघं आत मावतील एवढा. ढिगाशेजारी सुनंदाकाकू, पैठणीत. खाली मृण्मयीने लिहिलं होतं, "हे सगळं माझ्या बहिणीमुळे सुचलं."

म्हणजे मोठेपणातही तीच पुढे!

मी तेव्हा बुटांच्या दुकानात होते. अंगठा वर केला आणि दोन जोड घेतले. एक पायात घालायला. दुसरा, मृण्मयी यापुढे काय करेल याचा नेम नाही म्हणून.