मावशीने निवडलेले गहू

गुरुवारी नाशिकहून एसटीने मुलुंडला उतरलो तेव्हा पिशवीत गव्हाच्या दोन पुड्या होत्या. एका पुडीत आमचा नेहमीचा टपोरा गहू. तांबेऱ्याला (पानांवर गंजासारखा पसरणारा रोग) हा दरवर्षी आनंदाने बळी पडतो. दुसरीत वीस सुरकुतलेले दाणे. रानगवताच्या गुणसूत्रातला, तांबेरा अडवणारा तुकडा त्यांच्यात उतरवण्यात माझी आठ वर्षं गेली होती. तो उतरलाय का, हे सोमवारी अंधेरीच्या प्रयोगशाळेत कळणार होतं. दुसरं बियाणं नव्हतं.

मुक्काम मुलुंडलाच, मूळच्या मालवणच्या मावशीकडे. घावण्यांवर (तांदळाची जाळीदार धिरडी) ताव मारून मी आडवा झालो. उठलो तर मावशी सूप घेऊन खिडकीत बसलेली, दोन्ही पुड्या रिकाम्या.

"मेल्या, असले सुकटे गहू कोणी आणता काय? निवडून ठेवलंय."

टपोरे डब्यात गेले होते, सुकटे (हडकुळे) कबुतरांना. मला चक्क रडू आलं. मावशीला वाटलं घावणे बाधले, तिने ओवा दिला.

सुदैवाने कबुतरं येऊ नयेत म्हणून सोसायटीने खिडक्यांना जाळी मारली होती. मावशीचं दान जाळीला आपटून खालच्या तुळशीत पडलं होतं. माझ्या संशोधनाला सोसायटीचा एवढाच हातभार. मावशी रोज तुळशीला पाणी घालत राहिली आणि सोमवारी सात दाण्यांना मोड आले.

ते चमच्याने उकरून डब्यात घेतले आणि अंधेरीची बस धरली. कांजूरमार्गला कचऱ्याच्या वासाने सगळ्यांनी नाक धरलं, मी डबा धरला.

प्रयोगशाळेत माझी वर्गमैत्रीण वैशाली. तिने मुळांची टोकं कापून रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"झकास! आलाय ना रे तुझा तुकडा! सातही जणांत! मुळं कशात रुजवलीस यार?"

"मावशीच्या तुळशीत."

अहवालात तिने 'विशेष माध्यम' असं लिहिलं.

नाशिकला परत निघताना मावशीने टपोऱ्यांचा डबा हातात दिला. "हे पेर. ते सुकटे नको."

मी दोन्ही लावले. तांबेऱ्याला आवतण द्यायला आम्ही वाफ्याच्या कडेला असा टपोराच पेरतो. मोसमात कडेचा गहू नारिंगी-तपकिरी होऊन गेला, मधली सात रोपं हिरवीगार उभी होती. इतकं हायसं आठ वर्षांत वाटलं नव्हतं. मावशीला फोटो पाठवला.

लगेच तिचा फोन. "बघ, माझेच आधी पिकले!"