दर्शना आत्याचं छत आणि गच्चीतला पंप

माझी दर्शना आत्या जगभरच्या विजांची कुजबुज मोजते. वीज कुठेही पडो, तिची रेडिओ-गुणगुण जमीन आणि वरचं आयनांबर यांच्यामध्ये अडकून पृथ्वीभोवती फिरत राहते. आयनांबर म्हणजे विजेनं भारलेल्या हवेचं छत. हे छत रात्री वर सरकतं, दिवसा खाली येतं. त्याने गुणगुण कशी बदलते त्याचं मॉडेल, हीच आत्याची पीएचडी.

अंधेरीत ही गुणगुण पकडायची म्हणजे वाट लागली. तारा, मोटारी, मेट्रो! म्हणून तिची तांब्याची कॉइल सुयोगदादाच्या गावी, लांज्याच्या काजूबागेत पुरलेली. सुयोगदादा आमच्याच बिल्डिंगमधला, सेक्रेटरीकाकांचा मुलगा, आत्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. डेटा तोच आणायचा, वर साफही करून द्यायचा. "दर्शा, तू गणित कर गं. गाव माझ्यावर सोड ना!" हा आवाज मी नाकातून हुबेहूब काढते.

डेटात रोज संध्याकाळी एक उडी दिसायची. तिच्यासाठी आत्याने मॉडेलमध्ये मावळतीला छत जरा जास्तच वर उचललं, तेव्हा कुठे ते डेटाशी जुळलं. सोमवारी ते गाइडना दाखवायचं होतं. रविवारी तिने हौसेने डेटाचा आवाज करून मला ऐकवला. "काढ बघू!"

काढला. घुर्र, गप्प. घुर्र, गप्प. घुर्रर्रर्र. काढता काढताच वाटलं, हे मी कधीतरी काढलंय.

तेवढ्यात सुयोगदादा ढोकळा घेऊन आला. "त्यालाही ऐकव," आत्या म्हणाली. मी ऐकवला.

"झकास!" तो खदखदून हसला. "आपल्या गच्चीतला पंप! दोनदा बंद पडतो, तिसऱ्यांदा धरतो."

आत्या हसली नाही. "सुयोग, हा लांज्याचा डेटा आहे."

ढोकळ्याचं पुडकं त्याच्या हातातच राहिलं. "दर्शा… दर महिन्याला गावी कोण जाणार यार? टाकीमागे ठेवली कॉइल. कुठूनही ऐकलं तरी आकाश तेच ना?"

"तेच. तुझ्या पंपासाठी वर उचललं मी ते." तिने हात पुढे केला. "गच्चीची चावी दे."

कॉइल खाली आणून तिने ओढणीने पुसली. मग गाइडना कळवलं, सोमवारी नको, डेटा खोटा आहे.

परवा ती मला म्हणाली, "ते काढ ना. 'गाव माझ्यावर सोड'वालं."

मी काढलं. डेटा ऐकते तशी मान कलती करून तिने ऐकलं.

"ह्यात तुला काही ऐकू आलं होतं का गं तेव्हा?"

"नाही, आत्या."

"मलाही नाही," ती म्हणाली. "पुन्हा काढ."