आखूड हौद्याची गाडी

आमच्या पाड्यावर माझ्या धाकट्या भावाच्या पिकअपला ‘लांडी’ म्हणतात. पुढे माणसांना बसायला दोन ओळींची केबिन आणि मागे माल भरायला उरलेला एवढासा हौदा, म्हणून लांडी. स्ट्रॉबेरीचे क्रेट बाजारात न्यायचे तर इतरांचं एका खेपेत भागतं, त्याला दोन माराव्या लागतात. बांबू भरले की निम्मे बाहेर लोंबतात आणि टोकाला लाल फडकं बांधावं लागतं. शेती करणाऱ्या माणसाने असली गाडी का घ्यावी, असं लोक त्याला तोंडावर विचारतात. तो म्हणतो, ताईने घ्यायला लावली. मी नाशकात नोकरी करते, त्यामुळे शहाणपणाचा कुठलाही घोळ माझ्या नावावर सहज खपतो. मीही तो खपवून घेते. पण ती गाडी मी घ्यायला लावली नव्हती.

खरं तर तेव्हा मला गाडीत काडीचाही रस नव्हता. आई उपचारासाठी माझ्याकडे नाशकात, पेठ रोडच्या घरी येऊन राहिली होती. तिच्या पोटात पाणी भरायचं, ते काढायचं, पुन्हा भरायचं. डॉक्टर म्हणाले होते, भरती करा, काही दिवस ठेवून बघू. बरी होईल का, असं मी सरळ विचारलं तेव्हा ते रिपोर्ट चाळत राहिले. तरीही मी भरतीच्याच बाजूची होते. हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. भाऊ सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावरून आला तो मात्र म्हणाला, आधी गाडी घेऊन टाकू, मग भरती करू. मी त्याच्यावर उखडले. आई अशी झालेली आणि ह्याला गाडी सुचतेय. तो मोबाइलवर गाड्यांचे फोटो बघत बसला.

आईला घरी एकटं ठेवता येत नव्हतं. म्हणून एका सकाळी आम्ही तिघं रिक्षाने हायवेवरच्या शोरूममध्ये गेलो. आईला पंख्याखाली खुर्चीत बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली. विक्रीवाला मुलगा गळ्यात टाय लावलेला, तोंडात साखर. त्याने दोन गाड्या शेजारीशेजारी दाखवल्या. एकीला एकच केबिन, ड्रायव्हर आणि बाजूला एक-दोन माणसं, पण मागे लांबलचक हौदा. दुसरीला मागे आणखी एक सीट, चार दरवाजे, पण तेवढाच हौदा कापलेला. दादा, माल वाहायचाय की फॅमिली, तेवढं सांगा, असं तो म्हणाला. भावाने आखूड हौद्याच्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. लांब हौद्याशी गेला आणि बांबूचं, भाताच्या पेंढ्याचं, आंब्याच्या पेट्यांचं बोलायला लागला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. मी घड्याळ बघत होते, कारण दुपारी डॉक्टरांची वेळ घेतलेली होती.

मग त्याने चपला काढल्या आणि हौद्यात चढला. मला वाटलं, पत्र्याची जाडी बघत असेल. तर तो चक्क आडवा झाला. पाठीवर, हात अंगाला लावून, डोकं केबिनच्या बाजूला. तिथूनच त्याने त्या मुलाला सांगितलं, फाळका लाव. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं दार. मुलगा हसला, आजूबाजूची दोन गिऱ्हाइकं हसली, कुणीतरी म्हणालं, शेतकरी दादा गाडीतच संसार थाटणार बहुतेक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दबक्या आवाजात म्हटलं, ऊठ आधी, लोक बघतायत. फाळका लागल्याचा खटका वाजला. आतून भावाचा आवाज आला.

“लागतो. फाळका लागतो, ताई.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमचे वडील नाशिकच्या दवाखान्यातच वारले. आमच्यात उंच माणसं कमी, पण वडील चांगलेच उंच होते आणि भाऊ त्यांच्यावर गेला आहे. शववाहिका मिळेना. शेजारच्या पाड्यावरच्या एकाची लहान पिकअप भाजी घेऊन नाशकात आली होती, ती रिकामी परत चालली होती, ती थांबली. वडिलांना तिच्यात ठेवलं तर ते मावेनात. तिरपं करून बघितलं, तरी मावेनात. शेवटी फाळका उघडाच सोडला, दोरीने बांधला आणि पाय बाहेर राहिले. मी आणि आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. भाऊ मागे बसला, अगदी कडेला, वडिलांचे पाय मांडीवर घेऊन. दिंडोरी, वणी, मग पुढची सगळी वळणं आणि खड्डे. घरी पोचलो तेव्हा त्याला हात उघडता येत नव्हते. त्याबद्दल तो त्यानंतर कधीही, कुणाशीही एक शब्द बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. आमच्या घरात दुःखाची चौकशी करत नाहीत.

म्हणजे हा आईच्या भरतीआधी गाडी का मागत होता, ते मला आता कळलं. आई त्याच्या खांद्याला जेमतेम लागायची. तिला कुठलाही हौदा पुरला असता. हे त्याला समजत नव्हतं असं नाही. पण त्या प्रवासात जे उघडं राहिलं होतं ते त्याला एकदाचं बंद करायचं होतं, आणि ते बंद झाल्याशिवाय तो आईला त्या शहराच्या दवाखान्यात सोडणार नव्हता. मला रडू आलं. शोरूममध्ये रडायचं नाही म्हणून मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

आई खुर्चीतून उठली होती. तिला उठताना आधार लागायचा, पण त्या दिवशी ती कशी उठली कोण जाणे. भिंतीला धरत धरत हौद्यापाशी आली. आत पडलेल्या आपल्या मुलाकडे थोडा वेळ बघितलं आणि हळूच म्हणाली, ऊठ बाबा, खाली ये. तो उठला. ती मात्र थांबली नाही. बाजूच्या आखूड हौद्याच्या गाडीपाशी गेली आणि मागचा दरवाजा उघडायला लावला. मी आणि भावाने मिळून तिला वर चढवलं. ती मागच्या सीटवर बसली, पदर सारखा केला, काच कशी खाली होते ते विचारलं. विक्रीवाल्या मुलाने बटण दाखवलं. तिने काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. मग खिडकीतून भावाला जवळ बोलावलं.

“माला दवाखान्यात ठेवशील तं निजवूनच आणशील,” ती म्हणाली. “तुझ्या बापाला आणला तसा. मी सगळी वाट मागल्या काचेतून बघत होते. तू पाय सोडले नाय. लय झालं तेवढं. आता माला बसवून ने.”

भाऊ खिडकीच्या कडेला धरून उभा राहिला. त्याने मान खाली घातली होती. मी मधे पडले. म्हटलं, आई, बरी होऊन बसूनच जाशील की, आधी भरती तर हो. तिने माझ्याकडे बघितलं, लहान पोर हट्ट करतंय म्हणून बघावं तसं. मला तिचा भयंकर राग आला. तिने आमच्यासमोर गाडी निवडली नव्हती, दवाखाना नाकारला होता, आणि तेही परक्या माणसांदेखत, म्हणजे मला भांडता येऊ नये. तो राग आजही पुरता गेलेला नाही. त्या दुपारी डॉक्टरांकडे आम्ही गेलोच नाही.

गाडी यायला काही दिवस होते. तेवढ्यात मी तिला वळवायचा हरतऱ्हेने प्रयत्न केला. डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं. नातवंडांच्या शपथा घातल्या. एकदा तर जेवणार नाही म्हणून बसले, त्यावर ती म्हणाली, तुझं वजन वाढलंयच. तिचं मन एका जागी ठरलं होतं. रोज सकाळी ती बाल्कनीत खुर्ची मांडायला सांगायची आणि पाठीला उशी न घेता बसायची. आधी थोडा वेळच बसवायचं, मग घाम फुटायचा आणि आम्ही तिला आत न्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटायचं, उन्हाला बसतेय. एकदा मी उशी द्यायला गेले तर तिने हात बाजूला केला. गाडीत उशी ठेवशील तर मी आडवी होईन, असं म्हणाली. आई बसायचा सराव करत होती. त्यानंतर मी भरतीचं नाव काढलं नाही.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. भावाने मागच्या हौद्याकडे एकदा बघितलं. त्याला तो आवडला नव्हता हे मला दिसत होतं. शोरूममधून तो सरळ माझ्या घरी आला आणि आईला घेतलं. मी तिच्याशेजारी बसले. दिंडोरीपर्यंत ती द्राक्षबागा बघत होती आणि कुणाच्या बागेत छाटणी उशिरा झालीय ते सांगत होती. आमच्या बायका जिथे कामाला जातात ती शेतं तिला पाठ होती. वणीच्या पुढे चढ लागला तशी ती गप्प झाली. वळणावर तिचा तोल जायचा. मी हात पुढे केला की ती पुढच्या सीटची पाठ घट्ट धरायची. भाऊ गाडी इतकी हळू चालवत होता की मागचे हॉर्न मारून मारून पुढे जात होते. आरशात तो सारखा तिच्याकडे बघायचा. तिने एकदा त्याला दटावलं, रस्त्याकडे बघ.

वाटेत तिला फार त्रास झाला. ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, थोडं टेक माझ्यावर, कुणी बघत नाही. ती टेकली नाही.

पाड्यावर फोन आधीच गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात लोक जमले होते आणि चौघं जण खाट घेऊन उभे होते. आमच्याकडे नाशिकच्या दवाखान्यातून परत येणाऱ्याला असंच उतरवून घेतात. आईने खिडकीतून त्या खाटेकडे बघितलं. मी दार उघडायला वाकले तर तिने मला थांबवलं. कडी शोधायला तिला वेळ लागला, पण दार तिने स्वतः उघडलं. एक पाय खाली सोडला, मग दुसरा. जमिनीवर उभी राहिली आणि खाटवाल्यांना म्हणाली, “न्या ती घरात. मी येते.”

भाऊ गाडीच्या पुढे उभा होता. ती त्याच्या दंडाला धरून अंगणातून चालत गेली. तो रडत होता, सगळ्यांसमोर, आणि डोळे पुसायला हात मोकळा करत नव्हता.

आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. पण ती गेली तेव्हा तिला कुठूनही आणावं लागलं नाही.