दोन बोटांचा उतार

माझा थोरला भाऊ गवंडी. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या मोऱ्या, गच्च्या आणि अंगणं केली, आणि एकाही ठिकाणी पाणी तुंबलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्यानेच इतक्यांदा ऐकवलंय की मला पाठ झालंय. कुणाकडे गेला की चहा येईपर्यंत हा न्हाणीघरात डोकावून यायचा आणि उतार कुठे चुकलाय ते घरमालकाला सांगायचा. लोक त्याला मागून 'उतारशेठ' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

धाकटा शिंपी. मी दोघांच्या मधली. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, दादाकडेच राहिले. वडिलांच्या जागेवर दोघांनी शेजारी शेजारी घरं बांधली. दादाचं अंगण उंचावर, धाकट्याचं घर हातभर खाली, मध्ये कुंपणाची भिंत. त्या भिंतीला लागूनच धाकट्याची शिवणाची खोली होती.

उतार काढायला दादा पाण्याची नळी वापरायचा. लांबलचक पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. एकाने हे टोक धरायचं, दुसऱ्याने ते. दोन्हीकडे पाणी एका पातळीला येतं, तिथे खूण करायची. हे काम दोघांचंच, आणि दादा धंद्याला लागला तेव्हापासून दुसरं टोक धाकटा धरायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून आधी तो नळीभर टिचक्या मारत फिरायचा. दादा वैतागायचा, "अरे, आटप की!"

दादाच्या अंगणाचा सिमेंटचा कोबा करायचा होता, त्याच आठवड्यात दोघांचं वाजलं. भिंत वीतभर इकडे की तिकडे, एवढ्यावरून. सिमेंट तर येऊन पडलेलं, हवा दमट, थांबलं तर गोण्यांचे दगड झाले असते. मी म्हटलं, "मी धरते टोक." म्हणाला, "तुला काय कळतंय यातलं?" टोक खिळ्याला बांधलं आणि एकट्याने खुणा केल्या. टिचक्या कुणीच मारल्या नाहीत.

पावसाळा आला आणि छपराचं, अंगणाचं सगळं पाणी रस्त्याच्या गटारात जायचं सोडून मधल्या भिंतीशी साचायला लागलं. तिथून मुरून ते धाकट्याच्या खोलीत उतरलं. भिंतीला पोपडे आले, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे बुरसले. धाकटा अबोला सोडून आला. "दादा, एकदा नळी लावून बघू. मी धरतो दुसरं टोक."

"माझ्या हातचा उतार आहे तो! तुझ्या घराच्याच पायात पाणी आहे, ते बघ."

मी तिथेच उभी होते. खिळ्याचं मला माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर दादा चार दिवस जेवला नसता, एवढंच झालं असतं. मी गप्प बसले, आणि ते मला अजून खातं.

नऊ पावसाळे असे गेले. धाकट्याने हरतऱ्हेचे रंग लावले, भिंतीला प्लास्टिक ठोकलं. मग खोकला लागला तो उन्हाळ्यातही जाईना. डॉक्टरांनी ओलीतून हलायला सांगितलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर घराला कुलूप घालून तो बायकोसह लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. जाताना मला भेटला, दादाला नाही.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी दादा ओट्यावर उभा राहून पाणी बघत होता. पाणी सरळ त्या बंद घराकडे चाललं होतं. किती वेळ बघत होता कोण जाणे. पाऊस थांबल्यावर त्याने माळ्यावरून नळी काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"टिचक्या मार आधी," म्हणाला.

दोन बोटांचा फरक निघाला, उतार भिंतीकडे.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पहार घेतली. वय अडुसष्ट. कोबा फोडला, भिंतीच्या कडेने चर खणला, खडी घातली, भोकांचा पाइप टाकून रस्त्याच्या गटाराला जोडला. बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी आम्ही धाकट्याकडे गेलो.

दादा उभ्याउभ्याच म्हणाला, "चूक माझीच होती. नळीत हवा राहिली होती. सगळं नीट केलंय. आता परत ये."

धाकट्याला खोकल्याची उबळ आली. ती सरेपर्यंत आम्ही थांबलो.

"दादा, घर गेलं. गेल्या आठवड्यात सह्या झाल्या."

"मला विचारायचं तरी!"

"बोलत होतास का तू माझ्याशी?"

धाकट्याच्या बायकोने पाणी आणून ठेवलं. कुणी प्यायलं नाही.

घर एका बसड्रायव्हरने घेतलंय. बायको, दोन मुली, माणसं चांगली आहेत. परवा रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी तो भिंतीवरून वाकून म्हणाला, "काका, आतली भिंत एकदम कोरडी ठाक! आम्ही यायच्या आधीच तुम्ही चर खणून ठेवलात म्हणे. असा शेजारी मिळायला नशीब लागतं."

दादाने मान हलवली. घरात आला, खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.